विद्यार्थ्यांच्या फायलींना आकाराची मर्यादा: युलिमिट कुठे पुरतं आणि कोटा कुठे लागतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे हे वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. इंदूरमधल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची लॅब, एकच उबंटू सर्व्हर, त्यावर सुमारे १२० विद्यार्थी एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून येतात. /होम हे ४०० जीबीचं वेगळं पार्टिशन, फाइल सिस्टम ईएक्सटी४. रंगपंचमीला गावात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक होती, लॅब बंद होती, आणि एका विद्यार्थ्याचा सी प्रोग्राम न थांबणाऱ्या लूपमध्ये एकाच फाइलीत लिहीत राहिला. सगळं /होम भरलं. मग तुम्ही /ईटीसी/प्रोफाइलमध्ये ‘युलिमिट -एफ १०००००’ ही ओळ टाकली, म्हणजे लॉगिन होताच शेलने (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने) एका फाइलीच्या आकाराला मर्यादा घालावी. त्यानंतरही तीन तक्रारी उरल्या. नेहमीच्या बॅशऐवजी टीसीएसएच हा शेल वापरणाऱ्या प्राध्यापकांना मर्यादा लागतच नाही. डॅश या आणखी एका शेलमध्ये तोच आकडा २००००० दिसतो. आणि आठवडाभरात /होम पुन्हा भरलं, या वेळी एका मोठ्या फाइलीने नाही, काही एमबीच्या हजारो फायलींनी. शेवटी तुम्ही विचारलंय की बरोबर आकडा कोणता आणि तो कुठे लिहायचा.

आकड्याकडे येतोच, पण त्याआधी एक गोष्ट वेगळी करायला हवी. तुमच्यासमोर दोन प्रश्न आहेत आणि ते एकाच हत्याराने सुटणार नाहीत. पहिला, चुकलेला प्रोग्राम एका फाइलीत अमर्याद लिहीत सुटतो तो थांबवणं. दुसरा, एका माणसाने एकूण किती जागा वापरायची ते ठरवणं. युलिमिटची -एफ मर्यादा फक्त पहिल्यासाठी आहे. दुसऱ्यासाठी डिस्क कोटा लागतो. १०००००च्या जागी ५०००० केलं तरी हजारो फायली तशाच तयार होतील, कारण मर्यादा प्रत्येक फाइलीला वेगळी लागते, सगळ्यांच्या बेरजेला नाही.

(कमांड आणि फायलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायची आणि आकडेही इंग्रजी.)

ही मर्यादा नेमकं काय करते ते पाहू, कारण बाकीचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. मर्यादा तपासण्याचं काम कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा करतो, शेल नाही. प्रत्येक प्रक्रियेसोबत कर्नल मर्यादांचा एक तक्ता ठेवतो. फाइलीच्या आकाराची मर्यादा त्यातली एक, ती बाइटमध्ये साठवलेली असते आणि त्या प्रक्रियेपासून निघणाऱ्या प्रत्येक नव्या प्रक्रियेला तशीच वारशाने मिळते. शेल एवढंच करतो की स्वतःच्या तक्त्यातला आकडा बदलतो, मग त्यातून सुरू झालेले प्रोग्राम तोच घेऊन जन्मतात. म्हणून युलिमिट ही शेलच्या पोटातली कमांड असावी लागते. ‘सुडो युलिमिट’ करून काही होत नाही त्याचंही कारण हेच: युलिमिट ज्या शेलमध्ये चालतं त्याचाच तक्ता बदलतं, वेगळ्या प्रक्रियेतून तुमच्या शेलचा नाही.

प्रोग्राम लिहायला जातो तेव्हा कर्नल पाहतो की लिहिण्याची जागा मर्यादेच्या आत आहे की पुढे. आत असेल तर मर्यादेपर्यंत जेवढं मावतं तेवढं लिहू देतो. मर्यादेवर पोचल्यावर पुढचं लिहिणं आलं की प्रक्रियेला सिगएक्सएफएसझेड हा सिग्नल जातो. नेहमीच्या पीसीवरच्या लिनक्समध्ये त्याचा क्रमांक २५. सी प्रोग्रामने त्याची काही व्यवस्था केली नसेल तर तो तिथेच मरतो, बॅश ‘फाइल साइझ लिमिट एक्सीडेड’ असं छापतो, आणि परतीचा आकडा १२८ अधिक २५ म्हणजे १५३ येतो. फाइल मात्र पुसली जात नाही, मर्यादेएवढी भरलेली तशीच पडून राहते. हे विद्यार्थ्यांना सांगणं गरजेचं आहे. अर्धवट टार फाइल पाहून ‘बॅकअप झाला’ असं समजणारे कमी नसतात.

पायथनचं वागणं वेगळं. पायथन सुरू होतानाच हा सिग्नल दुर्लक्षित करतो, त्यामुळे प्रोग्राम मरत नाही. लिहिण्याची क्रिया फसते आणि ‘ओएसएरर, एररनो २७, फाइल टू लार्ज’ असा अपवाद येतो. तो अपवाद कुणी कोऱ्या ‘एक्सेप्ट’मध्ये गिळून टाकला असेल तर प्रोग्राम लूपमध्ये फिरत राहतो. फाइल वाढत नाही, पण सीपीयूचा एक कोअर अडकून राहतो. डिस्क वाचते, सर्व्हर मात्र मंदावतो.

आणखी दोन बारकावे. कर्नल लिहिण्याची जागा मोजतो, डिस्कवर खरोखर किती ब्लॉक गेले ते नाही. त्यामुळे कुणी व्हर्च्युअल मशीनसाठी २० जीबीची पोकळ फाइल ‘ट्रंकेट’ने तयार करायला गेलं तर प्रत्यक्ष जागा न लागताही काम अडतं. दुसरं, पाइपला ही मर्यादा लागत नाही. ‘प्रोग्राम | टी आउट’ असं चालवलं तर फाइलीत लिहिणारा ‘टी’ मरतो, आणि पाइपचं पलीकडचं टोक बंद झालं म्हणून नंतर मूळ प्रोग्रामही. विद्यार्थी म्हणेल, ‘माझा प्रोग्राम आपोआप बंद पडला.’ कारण शोधताना हे लक्षात असू द्या.

आता दुप्पट आकड्याचं. मर्यादा आत बाइटमध्येच आहे, फक्त दाखवण्याचं माप शेलगणिक बदलतं. बॅश -एफचा आकडा १०२४ बाइटच्या मापात घेतो. डॅश, केएसएच आणि झेडएसएच ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये घेतात. पॉझिक्स मानकही ५१२च सांगतं, आणि बॅश पॉझिक्स पद्धतीने चालवला तर तोही ५१२ वर येतो. म्हणून बॅशमध्ये लावलेले १००००० डॅशमध्ये २००००० दिसतात. मर्यादा तीच, बिघाड कुठेच नाही. उलट दिशेने मात्र खरा घोळ होतो. तीच ओळ डॅशने किंवा केएसएचने वाचली तर मर्यादा निम्मी बसते, आणि /ईटीसी/प्रोफाइल हे तिन्ही शेल लॉगिनला वाचतात. १०० एमबी हवे असतील तर बॅशमध्ये १०२४००, डॅशमध्ये २०४८००.

टीसीएसएचची बोलीच निराळी. तिथे युलिमिट नाही, ‘लिमिट’ आहे, आणि ती कमांड एकक उघडपणे घेते:

लिमिट फाइलसाइझ १००एम
लिमिट -एच फाइलसाइझ १००एम

पहिली ओळ सौम्य मर्यादा लावते, दुसरी कठोर. सौम्य म्हणजे प्रत्यक्ष लागू असलेली, वापरकर्ता ती स्वतः कठोर मर्यादेपर्यंत वाढवू शकतो. बॅशचं याच्या अगदी उलट: -एस किंवा -एच न देता युलिमिट लिहिलं की दोन्ही एकदम बदलतात. आणि टीसीएसएच /ईटीसी/प्रोफाइलला हातच लावत नाही, तो /ईटीसी/सीएसएच.सीएसएचआरसी आणि सीएसएच.लॉगिन वाचतो. प्राध्यापकांना मर्यादा लागली नाही याचं कारण एवढंच.

पण म्हणून आता तिथेही एक ओळ टाका असं मी सांगणार नाही. शेलच्या फायलींमध्ये मर्यादा लिहिणं हा मार्गच कच्चा आहे. डेबियन-उबंटूवरचा झेडएसएच /ईटीसी/प्रोफाइल वाचत नाही. ‘एसएसएच सर्व्हर कमांड’ असं थेट चालवलं तर लॉगिन शेल उघडतच नाही, त्यामुळे प्रोफाइल वाचली जात नाही. क्रॉनमधून, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चाललेल्या कामाचंही तेच. ‘बॅश --नोप्रोफाइल’ माहीत असलेला विद्यार्थी तर मुद्दामच चुकवेल. मर्यादा माणूस ज्या दारातून आत येतो तिथे लावली पाहिजे, आत आल्यावर तो जो शेल निवडतो तिथे नाही. उबंटूवर ते दार म्हणजे पॅम, ही लॉगिन तपासणारी आणि सत्र उघडून देणारी व्यवस्था, आणि पॅममधलं पॅम-लिमिट्स हे मॉड्यूल.

तुमच्या सध्याच्या पद्धतीतला त्याहून मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो तुमच्या प्रश्नात आलेला नाही. /ईटीसी/प्रोफाइल रूटलाही, म्हणजे मुख्य प्रशासक खात्यालाही लागू होते. तुम्ही स्वतःच्या खात्यात शिरता, तिथे १०० एमबीची कठोर मर्यादा बसते, मग ‘सुडो एपीटी अपग्रेड’ करता. सुडोने निघालेली प्रक्रिया रूटची असली तरी मर्यादांचा तक्ता वारशानेच घेते. नवा कर्नल आला की सर्व्हर सुरू होताना लागणारी इनिटरॅमएफएसची प्रतिमा तयार होते, आणि आजकाल ती १०० एमबीच्या आसपास किंवा पुढेही सहज जाते. ती मर्यादेवर अडली तर पॅकेजची मांडणी अर्ध्यात फसते. ती फसल्याचं ध्यानात न घेता कुणी सर्व्हर रीबूट केला, तर तो उठण्याची खात्री नाही. डेटाबेसचा डंप आणि स्वॅप फाइल यांचीही हीच गत. म्हणून आजच करायचं पहिलं काम म्हणजे प्रोफाइलमधली ती ओळ काढून टाकणं, सगळ्या खात्यांतून बाहेर पडून पुन्हा आत येणं, आणि ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवून काही अर्धवट राहिलंय का ते पाहणं. ओळ काढायचं आणखी एक कारण आहे. प्रोफाइलने कठोर मर्यादा खाली आणली की नंतर दुसरीकडे कुणाला सूट दिली तरी ती पोचत नाही. एकदा उतरलेली कठोर मर्यादा साध्या वापरकर्त्याला पुन्हा वाढवता येत नाही.

आता योग्य जागा. सगळे विद्यार्थी एका गटात ठेवा, समजा ‘स्टुडंट्स’. मग /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.डी या फोल्डरमध्ये .कॉन्फ शेवट असलेली नवी फाइल करा. मूळ लिमिट्स.कॉन्फला हात लावण्यापेक्षा हे बरं, आपण काय बदललं ते एका जागी राहतं. त्यात:

@स्टुडंट्स  सॉफ्ट  एफसाइझ  १०२४००
@स्टुडंट्स  हार्ड  एफसाइझ  १०४८५७६

इथलं माप केबी. म्हणजे सौम्य मर्यादा १०० एमबी आणि कठोर १ जीबी. दोन्ही सारखे ठेवले तरी चालतं, पण मी मुद्दाम वेगळे ठेवतो. न थांबणाऱ्या लूपला आपण लूपमध्ये आहोत हे कळत नसतं, तो स्वतःची मर्यादा वाढवायला जाणार नाही. त्याच्यासाठी सौम्य मर्यादाच पुरेशी आहे. ज्या विद्यार्थ्याला खरंच मोठी फाइल हवी आहे त्याने त्याच टर्मिनलमध्ये ‘युलिमिट -एस -एफ ५१२०००’ करावं, काम उरकावं, तुमच्याकडे अर्ज घेऊन यायची गरज नाही. -एस सोडू नये हे मात्र बजावून सांगा, नाहीतर त्या शेलपुरती कठोर मर्यादाही ५०० एमबीवर उतरेल. ही मर्यादा म्हणजे मीटरजवळचा फ्यूज आहे: चुकून झालेल्या गोष्टीपासून वाचवतो, वीज कुणाला किती मिळावी ते ठरवत नाही. मुद्दाम डिस्क भरणाऱ्याला अडवण्याचं काम कोट्याकडे सोपवा.

१०० हा आकडा काही वेदवाक्य नाही. लॅबमध्ये फक्त सी, सी++ आणि डेटा स्ट्रक्चरचे प्रयोग होत असतील तर कोणत्याही प्रयोगाची फाइल काही एमबीच्या वर जात नाही, तिथे ५० एमबीसुद्धा उदार आहेत. मशीन लर्निंगचा पेपर असेल तर मात्र १०० एमबीवर पहिल्याच दिवशी तक्रारी येतील. पायटॉर्चचं एक पॅकेज कित्येकशे एमबीचं असतं, आणि पायथनची पॅकेजं बसवणारा पिप ते आधी एका फाइलीत उतरवून घेतो. गिटवरून मोठी रिपॉझिटरी घेतली तर तिची पॅक फाइलही एकसंध मोठी असते. अशा लॅबमध्ये सौम्य मर्यादा १ जीबी आणि कठोर ३ जीबी ठेवणं शहाणपणाचं. फार अडचणीचा आकडा ठेवला तर विद्यार्थी मर्यादा चुकवायच्या युक्त्या शिकतात आणि मग ती असून नसल्यासारखी होते. सध्या लोकांकडे किती मोठ्या फायली आहेत ते आधी पाहा: ‘फाइंड /होम -टाइप एफ -साइझ +१००एम’. यादी वाचून आकडा ठरवा.

लिमिट्सच्या फाइलीतली ओळ आपोआप लागत नाही, ती पॅम-लिमिट्स लावतं. तेव्हा ‘ग्रेप पॅम_लिमिट्स /ईटीसी/पॅम.डी/*’ करून बघा. उबंटूवर एसएसएचडी, लॉगिन आणि क्रॉनच्या फायलींत ते असतं. एसयूच्या (दुसऱ्याच्या खात्यात शिरण्याच्या कमांडच्या) फाइलीत मात्र काही जुन्या आवृत्त्यांमध्ये ती ओळ टिप्पणी करून बंद ठेवलेली असते. म्हणून ‘एसयू’ करून विद्यार्थ्याच्या खात्यात शिरलात आणि मर्यादा दिसली नाही, तर लगेच घाबरू नका. ज्या दारातून विद्यार्थी येतो त्याच दारातून, म्हणजे एसएसएचनेच, तपासा. एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘यूजपॅम येस’ असायला हवं, उबंटूवर ते असतं. क्रॉनचं दार वेगळं आहे हेही विसरू नका: तिथल्या मर्यादा त्याच फाइलीतून येतात, पण एक छोटं काम प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय खात्री धरू नये.

बदल चालू प्रक्रियांना लागत नाही. टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये आधीपासून उघडी असलेली सत्रं जुनाच तक्ता घेऊन चालत राहतात. सुट्टीआधी चालू ठेवलेला प्रोग्राम सुट्टीनंतरही निर्बंधाशिवाय चालत राहतो, तो याचमुळे. चालू प्रक्रियेची मर्यादा रूटकडून बदलता येते:

पीआरलिमिट --पीआयडी ४३२१ --एफसाइझ=१०४८५७६००:१०४८५७६००

इथे माप बाइटमध्ये आहे. बॅशचं केबी, डॅशचे ५१२चे ब्लॉक, लिमिट्सच्या फाइलीतलं केबी आणि इथले बाइट, ही चार मापं एका कागदावर लिहून सर्व्हरजवळ चिकटवा. या विषयातल्या बहुतेक चुका मापाच्याच असतात. शंका आली की /प्रॉक/पीआयडी/लिमिट्स वाचायचं. तिथे ‘मॅक्स फाइल साइझ’ बाइटमध्ये असतो, आणि कुणाचंही मत न घेता तोच खरा मानायचा.

लॅबमध्ये ज्युपिटरसारखी सेवा सिस्टमडीमधून (सर्व्हरच्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेतून) चालत असेल तर लिमिट्सची फाइल तिला लागत नाही. सेवेच्या युनिटमध्ये ‘लिमिटएफसाइझ=१००एम’ लिहावं लागतं. ब्राउझरमधून प्रोग्राम चालवणारे विद्यार्थी सगळ्यात सहज याच फटीतून निसटतात.

खाती स्थानिक न ठेवता एलडॅप किंवा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी अशा मध्यवर्ती यादीतून येत असतील तर आणखी एक गाठ आहे. /व्हार/लॉग/लास्टलॉग ही पोकळ फाइल असते, तिच्यात प्रत्येक वापरकर्त्याच्या शेवटच्या लॉगिनची नोंद त्याच्या यूआयडीला (वापरकर्ता क्रमांकाला) २९२ ने गुणून येणाऱ्या जागी जाते. यूआयडी साधारण ३५९००० च्या वर गेला की ती जागा १०० एमबीच्या पुढे पडते, आणि लॉगिनच्या वेळी लागलेली मर्यादा ती नोंद अडवू शकते. डिरेक्टरीतले यूआयडी लाखांत, कोटींत असतात. म्हणून पॅम-लास्टलॉग या मॉड्यूलला ‘अनलिमिटेड’ असा पर्याय दिलेला आहे, तुमच्या आवृत्तीत ते मॉड्यूल वापरात असेल तर तो त्या ओळीत जोडा. तुमची खाती १००० पासून सुरू होत असतील तर हा परिच्छेद सोडून द्या.

आतापर्यंतचं एका दमात: प्रोफाइलमधली ओळ काढायची, गटाला लिमिट्स.डीमधून सौम्य आणि कठोर मर्यादा द्यायच्या, सेवांना युनिटमधून, आणि मापं जपायची. एवढ्याने रंगपंचमीचा प्रकार थांबेल. नंतरचा, हजारो फायलींचा, थांबणार नाही. त्यासाठी कोटा.

आकडा असा काढायचा. ४०० जीबीच्या ईएक्सटी४ वर ५ टक्के रूटसाठी राखीव असतात, म्हणजे २० जीबी गेले. ३८० उरले. १२० विद्यार्थ्यांना प्रत्येकी ३ जीबी म्हणजे ३६०. सगळ्यांनी एकाच दिवशी आपापला वाटा पूर्ण भरला तरी डिस्क भरत नाही. यापेक्षा जास्त वाटायलाही हरकत नाही, सगळे एकदम भरत नाहीत, पण मग उरलेल्या जागेवर लक्ष ठेवणं आलं. शिकवण्याच्या सर्व्हरवर, जिथे परीक्षेच्या काळात डिस्क भरणं म्हणजे सगळ्यांचं सबमिशन अडकणं, तिथे मी जुळणारा हिशेबच धरतो.

‘कोटा’ पॅकेज बसवा. /ईटीसी/एफएसटॅबमध्ये /होमच्या ओळीतल्या पर्यायांत ‘यूएसआरकोटा’ जोडा. मग रात्री, कुणी लॉगिन नसताना:

माउंट -ओ रीमाउंट /होम
कोटाचेक -सीयूएम /होम
कोटाऑन -व्ही /होम

रात्रीची वेळ यासाठी की -एम दिल्यावर कोटाचेक पार्टिशन फक्त-वाचनाच्या अवस्थेत नेत नाही, आणि मोजणी चालू असताना कुणी लिहिलं तर बेरीज चुकते. मग एका नमुना खात्याला वाटा द्या:

सेटकोटा -यू नमुना २६२१४४० ३१४५७२८ ८०००० १००००० /होम

क्रमाने: सौम्य २.५ जीबी, कठोर ३ जीबी, हे दोन्ही केबीत. नंतर फायलींची संख्या, सौम्य ८० हजार आणि कठोर १ लाख. संख्येची मर्यादा अनेक जण शून्य ठेवून सोडून देतात. तुमच्या बाबतीत ती सोडू नका. जागा शिल्लक असूनही आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी फाइल सिस्टममधली नोंद) संपले की नवी फाइल तयार होत नाही आणि ‘नो स्पेस लेफ्ट’ हाच संदेश येतो, त्यामुळे शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. नोडच्या प्रकल्पातलं एक नोड_मॉड्यूल्स फोल्डर हजारो फायली आणतं, म्हणून आकडा फार घट्टही नको.

सौम्य वाटा ओलांडला की मुदत सुरू होते, ती मूळची ७ दिवसांची असते आणि ‘एडकोटा -टी’ ने बदलता येते. मुदत संपेपर्यंत आवरलं नाही तर लिहिणं बंद. कठोर वाटा गाठला की त्याच क्षणी ‘डिस्क कोटा एक्सीडेड’. नमुना ठरला की ‘एडकोटा -पी नमुना’ आणि पुढे सगळ्या खात्यांची नावं, म्हणजे तोच वाटा सगळ्यांना. पुढच्या सत्रातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी /ईटीसी/अ‍ॅडयूजर.कॉन्फमध्ये ‘कोटायूजर’ला नमुना खात्याचं नाव द्या, मग ‘अ‍ॅडयूजर’ने केलेल्या प्रत्येक खात्याला वाटा आपोआप मिळतो. कुणी किती वापरलं ते ‘रेपकोटा -एस /होम’ दाखवतं. पार्टिशन एक्सएफएस असतं तर नुसत्या रीमाउंटने कोटा सुरू झाला नसता, काढून पुन्हा माउंट करावं लागलं असतं, आणि कमांडही एक्सएफएस_कोटा. तुमचं ईएक्सटी४ आहे, तेव्हा तो प्रश्न नाही.

/होमला कोटा लागला की पाणी /टीएमपीकडे, म्हणजे सगळ्यांना लिहिता येणाऱ्या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरकडे वळतं. ते तुमच्याकडे रूट पार्टिशनवर आहे, आणि ते भरणं /होम भरण्यापेक्षा वाईट. /टीएमपीला टीएमपीएफएस करून ‘साइझ=४जी’ अशी हद्द द्या. ते मेमरीतून जातं, म्हणून सर्व्हरची रॅम पाहून आकडा ठरवा. रॅम कमी असेल तर /टीएमपीसाठी छोटं वेगळं पार्टिशन करा.

सोबत सीपीयूची मर्यादाही लावा असं सुचवीन. त्याच फाइलीत ‘@स्टुडंट्स हार्ड सीपीयू १०’. इथे माप मिनिटं आहे, युलिमिट -टी मात्र सेकंद घेतं. मघाशी सांगितलेला, अपवाद गिळून फिरत राहणारा पायथन प्रोग्राम यानेच थांबेल.

चाचणी विद्यार्थ्याच्या खात्यातून, एसएसएचने:

डीडी आयएफ=/डेव्ह/झीरो ओएफ=चाचणी बीएस=१एम काउंट=१५०

मर्यादा नीट बसली असेल तर ती मध्येच मरेल आणि ‘एलएस -एल’ मध्ये फाइल बरोबर १०४८५७६०० बाइटची दिसेल. ५२४२८८०० दिसली तर कुठेतरी ५१२चं माप घुसलंय. पूर्ण १५० एमबी लिहिले गेले तर पॅमची ओळ लागत नाहीये. हीच चाचणी टीसीएसएचमधून, क्रॉनमधून आणि ‘एसएसएच सर्व्हर कमांड’ या थेट पद्धतीनेही करा. मग स्वतःच्या प्रशासक खात्यातून करा, तिथे पूर्ण १५० एमबी गेलेच पाहिजेत.

लिनक्सबाहेर विचारणाऱ्यांसाठी दोनच ओळी. एआयएक्समध्ये हे /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्सच्या ‘एफसाइझ’मध्ये असतं, माप ५१२ बाइटचे ब्लॉक, मूळ आकडा २०९७१५१ म्हणजे जवळजवळ १ जीबी, आणि -१ म्हणजे निर्बंध नाही. फ्रीबीएसडीमध्ये /ईटीसी/लॉगिन.कॉन्फमधल्या वर्गाला ‘फाइलसाइझ’ द्यायची आणि ‘कॅप_एमकेडीबी’ चालवायचं, ते विसरलं तर बदल लागत नाही.

राहिला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचा प्रश्न, ज्यांना खरोखर ५ जीबीची एक फाइल लागते. लिमिट्सच्या फाइलीत एका खात्याच्या नावाची ओळ गटाच्या ओळीवर मात करते, म्हणून त्या विद्यार्थ्यासाठी सॉफ्ट आणि हार्ड दोन्ही ५२४२८८० अशा दोन ओळी लिहा. सोबत त्याचा कोटाही वाढवायला लागेल, नाहीतर फाइल ३ जीबीवर अडेल आणि तुम्ही मर्यादेच्या ओळीतच चूक शोधत राहाल. त्या ओळींच्या वर टिप्पणीत प्रकल्पाचं नाव आणि तोंडी परीक्षेची तारीख लिहा. त्या तारखेनंतर दोन्ही ओळी काढा आणि त्याचा वाटा पुन्हा नमुन्यावर आणा.